चौथा रकाना

सरांनी पेन्सिल उचलली, थोडा विचार केला आणि माझ्या भावाच्या मरणाला चौथ्या रकान्यात जागा दिली.

रविवारची सकाळ होती. नाशिकला गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी आम्ही नऊ-दहा जण बसलो होतो. बशांमध्ये पोहे होते. माझी आई माझ्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं अशी. तिने नुकतंच जे सांगितलं होतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. आणि ज्यांच्यामुळे मी शिकले, चार लोकांत बोलायला लागले, ते माझे सर भिंतीवरच्या तक्त्यापाशी उभे राहून आपल्या सुंदर अक्षरात लिहीत होते, 'मृत्यूपलीकडची आशा. लोकश्रद्धा.'

हा तक्ता कसला, आणि त्यात माझं काय अडकलं होतं, ते आधी सांगायला हवं.

मी बागलाणातल्या नामपूरची. वडील कांद्याच्या बाजारात हमाल होते. आई एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. गावात आमची पाच-सहा घरं, आणि रविवारी पत्र्याच्या एका खोलीत उपासना. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, पण देवाचा विषय निघाला की सगळे शुद्ध मराठीत शिरायचे, कारण शास्त्र, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, शुद्ध मराठीत होतं आणि उपासना चालवणारे पाळकबाबाही तसंच बोलायचे. खळ्यावर जागेवरून भांडणारी माझी आई प्रार्थनेला डोळे मिटले की "हे दयाळू पित्या, आम्ही तुझे उपकार मानतो" असं सुरू करायची, आणि मला ती कुणी दुसरीच बाई वाटायची. देवाला अहिराणी येत नसावी, असं मी लहानपणी धरून चालले होते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. नाशिकला बी.ए.च्या पहिल्याच महिन्यात सरांनी वर्गात प्रश्न विचारला आणि मी उठून म्हणाले, "सर, दुसरं उत्तर बरोबर शे." सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी "शे, शे" केलं. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर 'शे' लिहिलं आणि 'आहे'च्या जागी बोलला जाणारा हा शब्द कुठून कुठून फिरत आपल्या तोंडात आला ते अर्धा तास सांगितलं. शेवटी म्हणाले, "ही चूक नाही. ही भाषा आहे. आणि हिचं उत्तरही बरोबर आहे."

त्या दिवसापासून मी त्यांची झाले. ते आपल्या कपाटातली पुस्तकं मला द्यायचे. माझे निबंध पेन्सिलीने तपासायचे. लाल शाई बघून माणूस घाबरतो, म्हणायचे. दुसऱ्या वर्षाला असताना माझे वडील गेले तेव्हा ते सटाण्याला बस बदलून नामपूरला आले, आमच्या ओट्यावर खालीच बसले आणि आईला म्हणाले, "हिचं शिक्षण थांबवू नका." आईने थांबवलं नाही. मी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले, ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला लागले आणि आईला नाशिकला घेऊन आले. यातलं एकही पाऊल सरांशिवाय पडलं नसतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवावं, एवढीच विनंती.

निवृत्त झाल्यावर सरांनी दर रविवारी सकाळी घरी अभ्यासवर्ग सुरू केला. त्यांचं म्हणणं असं होतं की माणूस अपुरा जन्मतो, आणि जगातल्या प्रत्येक थोर विचारवंताने माणसाचा एकेक भाग पूर्ण केला आहे. असे नऊ भाग. त्यांचा मोठा तक्ता बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावलेला होता. पहिल्या रकान्यात विवेक, दुसऱ्यात संयम, तिसऱ्यात समता, असं करत नऊ. चौथ्यात करुणा, आणि तिथे ख्रिस्त. आम्हा प्रत्येकाची नऊ भागांची वही होती. आठवडाभर आपण कुठे कमी पडलो ते बघून आपणच स्वतःला दहापैकी गुण द्यायचे. जो नऊही भाग भरेल तो पूर्ण मनुष्य.

मी अडीच वर्षं एकही रविवार चुकवला नाही. म्हणजे अडीच वर्षं मी उपासनेला गेले नाही. आई एकटी जायची. सुरुवातीला एकदा तिने विचारलं, "आन् देव?"

मी म्हणाले, "देव आहे ना त्यात. चौथ्या भागात."

तिने पदर नीट केला आणि चपला घातल्या.

मी ढोंग करत नव्हते. पूर्ण होण्याची मला खरीच घाई होती. तो वर्ग हसला तेव्हापासून मला सतत वाटायचं की माझ्यात काहीतरी कमी आहे. उच्चार कमी, वाचन कमी, बसण्या-उठण्याची रीत कमी. दुसऱ्यांच्या घरी चहाचा कप कुठे ठेवावा इथपासून मला धास्ती. सरांचा तक्ता पाहिला आणि वाटलं, हा रस्ता आहे. लांबचा आहे, पण दिसतो तरी.

मग सरांनी पुस्तक करायचं ठरवलं. नऊ भागांची नऊ प्रकरणं. आठ ते लिहिणार होते. चौथं त्यांनी मला दिलं, आणि मुखपृष्ठावर त्यांच्या नावाखाली माझं नाव येणार होतं. घरी सांगितलं तेव्हा आईने ते पुस्तक केवढं असेल ते हाताने दाखवायला लावलं.

प्रकरणाचा शेवट काय असावा, हे सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. "करुणेत त्याच्या तोडीचा कुणी नाही, हे मनापासून लिही. पण शेवटी हे यायला हवं की एकटा ख्रिस्त पुरेसा नाही. मी म्हटलं तर लोक म्हणतील, बाहेरचा माणूस बोलतो आहे. तू त्या घरातली आहेस. तू म्हटलंस तर त्याला वजन येईल." ते आणखी एक म्हणाले. शास्त्रात ख्रिस्ताच्या एका प्रेषिताचं पत्र आहे, त्यात तत्त्वज्ञानाला नावं ठेवली आहेत. त्याचाही समाचार घे.

मी हो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मला लहानपणापासून ख्रिस्त होता, तरी मी अपुरी होते. म्हणजे तो पुरेसा नव्हता. यात कुठे चूक मला दिसत नव्हती, आणि मी तर्कशास्त्र शिकवत होते.

प्रकरणात एखादं घरचं उदाहरण हवं होतं. ते मला आईच्या बोलण्यात सापडलं. कुणी रडगाणं घेऊन आलं की आई सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "पुरून उरलेला देव आहे आपला." मी ते वाक्य उचललं. लिहिलं की गरिबाच्या घरात 'पुरणं' हा फार मोठा शब्द असतो. परातीत भाकरी किती, ताटं किती, पुरेल का, हाच रोजचा प्रश्न. अशा घरात देवाची थोरवी सांगायची तर तो सगळ्यांना पुरला आणि वर उरला, असंच सांगणार. मग मी एक वाक्य लिहिलं ज्याचा मला फार अभिमान वाटला होता. ते इथे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. 'ज्यांच्या गरजाच भाकरीएवढ्या, त्यांना देवही भाकरीएवढा पुरतो.'

सरांनी त्याखाली पेन्सिलीने हलकी रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'सुंदर.'

प्रकरण वर्गात वाचायचा दिवस ठरला तेव्हा सर म्हणाले, "आईला घेऊन ये. त्यांचं वाक्य आहे, त्यांनी ऐकायला हवं."

आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. सरांच्या घरी बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई यायच्या. त्यांनी तिला पाणी दिलं आणि कौतुकाने विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?"

"आता काही नही. पहिले कांदा निवडायची," आई म्हणाली. मग भिंतीकडे बघत राहिली. "सर, हे काय टांगलंय?"

"तक्ता आहे आई. जगातली मोठी माणसं आहेत यात."

"निवडून निवडून येगळी ठेवली?"

"तसंच म्हणा."

"मग गोल्टी कुठं टाकता?"

गोल्टी म्हणजे निवडताना बाजूला काढलेला बारका कांदा. ते मला सगळ्यांना सांगावं लागलं. सांगितल्यावर सगळे हसले, आणि सर सर्वांत जास्त. "आई, गोल्टी म्हणजे आम्ही," ते म्हणाले. "आम्ही तक्त्याच्या बाहेर बसलोय बघा." आईही हसली, आणि मला बरं वाटलं. मी वाचायला उभी राहिले.

तो परिच्छेद आला तसा आईचा चेहरा मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिला. आपलं वाक्य ऐकून ती आधी हसली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. भाकरीच्या वाक्याला तिने माझी ओढणी ओढली.

"नही. तसं नही ते."

"आई, नंतर," मी हळूच म्हणाले.

"थांब," सर म्हणाले. "बोलू दे त्यांना. बोला आई, काय चुकलं?"

आईने मांडीवर हात ठेवले. ती प्रार्थनेसारखी शुद्ध बोलायला लागली, कारण विषय देवाचा होता.

"सर, मी भाकरीचं बोलत नाही. भाकर मला कधी पुरली नाही. दोन मुलं होती तेव्हा तर नाहीच. मग भाकरीचं मी कशाला म्हणेन? पुरणं म्हणजे मातीत पुरणं. हिच्या पाठचा मुलगा मी पुरला. अकरा महिन्यांचा होता. तापाने गेला. हिच्या वडिलांनी खड्डा केला आणि मी माती लोटली, कारण त्यांचे हात चालेनात. त्याच्या अंगात निळं स्वेटर होतं. ते शेवटपर्यंत दिसत होतं. मग दिसेना." ती थांबली. "पाळकबाबा म्हणाले, प्रभूलाही पुरलं होतं. असाच. आईच्या देखत. आणि तो पुरून उरला. पुरलेले पुष्कळ आहेत सर. पुरून उरलेला तेवढा एकच आहे. माझा मुलगा मी त्याच्या हातात दिला आहे, म्हणून म्हणते मी. भाकरीचं नाही ते."

मला भाऊ होता हे मला माहीत होतं. 'एक झाला होता, गेला', एवढंच. मी तेव्हा तीन वर्षांची होते. मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. माती आईने लोटली हे मला नऊ-दहा माणसांसमोर, हातात माझं प्रकरण असताना कळलं. तिचं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. त्यातलं 'पुरून' तिने प्रत्येक वेळी त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून म्हटलं होतं, आणि मी त्यात परात आणि भाकरी पाहिली होती.

तेवढ्यात सर बोलले. "आई, फार मोलाचं सांगितलंत." त्यांचा आवाज मऊ होता आणि त्यात काही खोटं नव्हतं. मग ते आमच्याकडे वळले. "शब्दाची गंमत बघा. पुरणं आणि पुरणं. एक भागणं, एक गाडणं. आपल्याकडे हा मुद्दा राहूनच गेला होता." त्यांनी पेन्सिल घेतली आणि 'करुणा' या शब्दाखाली ती ओळ लिहिली. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "किती छान." कुणीतरी पोह्यांचं भांडं पुढे सरकवलं. सर मला म्हणाले, "परिच्छेद बदल. भाकरीऐवजी हे घे. जास्त परिणाम होईल."

मी वहीत तसं टिपून घेतलं. त्या क्षणी मी खरोखरच लिहिलं, 'भाकरीऐवजी हे.' मग माझं अक्षर मलाच दिसलं.

सरांचा मला राग आला नाही. त्यांनी नवीन काही केलंच नव्हतं. आईचं वाक्य घेऊन एका भागात नीट बसवायचं, हे काम त्यांच्या आधी मी केलं होतं, आणि शाबासकी घेतली होती. मला धक्का बसला तो त्याचा. अडीच वर्षं मी ज्याला रकान्यात बसवत होते, तो माझ्या भावाच्या खड्ड्यात उतरलेला होता, हे माझ्या गावीही नव्हतं.

घरी जाताना रिक्षात आई म्हणाली, "मन्हामुळे तुन्हं काही बिघडनं नही ना? नाव येई ना पुस्तकमा?"

"येईल, आई," मी म्हणाले.

पुढचे चार दिवस मी परिच्छेद बदलायचा प्रयत्न केला. निळ्या स्वेटरचं लिहिलं की वाक्य चांगलं व्हायचं, आणि चांगलं झालं की मला ते फाडावंसं वाटायचं. गुरुवारी दुपारी कॉलेजात दोन तासांच्या मध्ये मला मोकळा वेळ होता. म्हटलं, हे राहू दे, त्या पत्राचं काम उरकू. ज्याचा समाचार घ्यायचा होता ते पत्र मी लहानपणी पुष्कळदा ऐकलं होतं, पण खोडून काढायच्या तयारीने कधी वाचलं नव्हतं. स्टाफरूममध्ये आवाज होता म्हणून मी एका रिकाम्या वर्गात जाऊन बसले.

पत्र एका लहान गावातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं आहे, लिहिणारा तुरुंगात आहे आणि त्याने ते गाव पाहिलेलंही नाही. हे मी विसरले होते. त्या गावातल्या लोकांना कुणीतरी सांगत होतं की तुमचा ख्रिस्त ठीक आहे, पण त्यात अजून भर घालावी लागेल. हे ज्ञान, ही व्रतं, या पायऱ्या. त्यावर तो लिहितो की पोकळ विचारांच्या जोरावर कुणी तुम्हाला लुटीच्या मालासारखं उचलून नेऊ नये. विचार करू नका, असं तो कुठेच म्हणत नाही. मी शोधलं, कारण मला तेच खोडायचं होतं. तो एवढंच म्हणतो की देवपणाची सगळी पूर्णता या एका माणसात, देहात राहते, आणि त्याच्यात तुम्ही पूर्ण झालेले आहात.

मी थांबले, ती क्रियापदावर. मी भाषा सरांकडून शिकले आहे, क्रियापदाचा काळ मला आधी दिसतो. 'पूर्ण व्हाल' असं तिथे नव्हतं. 'होत चालला आहात' असंही नव्हतं. झालेले आहात. आणि लगेच पुढे पुरलं जाण्याचं होतं. तुम्ही त्याच्याबरोबर पुरले गेलात आणि त्याच्याबरोबर उठवले गेलात, अशा अर्थाचं. आईने त्या रविवारी जे सांगितलं ते या पत्रात लागून लिहिलेलं होतं, आणि मी ते पेन्सिल हातात घेऊन खोडायला बसले होते.

मी फळ्याकडे बघत बसले. फळ्यावर आधीच्या तासाचं माझंच उदाहरण होतं. विधानं दोन, निष्कर्ष एक. त्याच साच्यात मला माझा स्वतःचा तर्क दिसला. मी अपुरी आहे, ख्रिस्त माझ्याजवळ आहे, म्हणून ख्रिस्त अपुरा आहे. अकरावीच्या एखाद्या मुलीने हे लिहिलं असतं तर मी तिला उभं करून विचारलं असतं, "अगं, तो तुझ्यात किती मावला हे तू मोजलंस. तू त्याच्यात आहेस का, हे कुठे पाहिलंस?" मी त्याला माझा एक भाग केला होता, नवव्या हिश्श्याएवढा, आणि मग तो कमी पडतो म्हणून तक्रार करत होते.

मी तिथे प्रार्थना केली. अडीच वर्षांत पहिलीच. ती फार साधी होती आणि ती मी इथे लिहिणार नाही. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. घंटा झाली आणि मुली आत आल्या. मी तास घेतला. पण तास घेताना मला जाणवलं की मी माझ्या उच्चारांकडे लक्ष देत नाही आहे. कॉलेजात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मी बोलता बोलता एकदा अडखळले, इतकं ते नवीन होतं.

त्याच संध्याकाळी उजेड असतानाच मी सरांकडे गेले. ते एकटेच होते. मी त्यांना सरळ सांगितलं की प्रकरण मी पूर्ण करू शकत नाही.

"अवघड जातंय?"

"नाही सर. ती ओळ मी लिहू शकत नाही. एकटा ख्रिस्त पुरेसा नाही, ही."

त्यांनी चष्मा काढला. "परवाच्या प्रसंगाने तू हलली आहेस. साहजिक आहे. पंधरा दिवस थांब."

"पंधरा दिवसांनीही नाही लिहिणार, सर."

"म्हणजे इतकी वर्षं मी शिकवलं ते पोकळ?"

मला हाच प्रश्न येईल हे माहीत होतं. मी म्हणाले, "तुम्ही शिकवलंत म्हणून मला ते पत्र वाचता आलं."

"आणि वाचून माझ्यावर उलटलीस."

"तुमच्यावर नाही. त्या एका ओळीवर. बाकी जे तुम्ही दिलंत ते सगळं माझ्याकडे आहे. पण त्याने मी पूर्ण होणार नाही. मला व्हायचं होतं, सर. मी फार प्रयत्न केला."

ते व्यवहाराचं बोलले, जसे ते नेहमी दुखावले की बोलायचे. "तुझं नाव काढावं लागेल."

"हो."

"दुसरं कुणीतरी लिहील."

"हो, सर."

"रविवारी मग तू येणार नाहीस."

"रविवारी आईबरोबर उपासनेला जाईन. बाकी कुठल्याही दिवशी हाक मारा, मी येईन."

पुढे पुस्तक निघालं. चौथं प्रकरण बँकेतल्या बाईंनी लिहिलं, आणि कष्टाने लिहिलं आहे. मी विकत आणून वाचलं. पण त्या संध्याकाळी हे सगळं पुढे होतं. मी निघाले आणि दारात चपला घालत होते तेव्हा सर मागे येऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो होता. त्या जाऊन आठ वर्षं झाली होती. त्या कशा गेल्या हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुझी आई त्या दिवशी घरी गेल्यावर काय म्हणाली देवाला? म्हणजे माती लोटून आल्यावर. काहीतरी म्हणाली असेल."

मला माहीत नव्हतं.

"विचार तिला. पुस्तकासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मेथी निवडत बसली होती तेव्हा मी शेजारी बसले आणि विचारलं. माझी समजूत अशी होती की ती काहीतरी सुंदर सांगेल. तिची श्रद्धा मला तशीच माहीत होती, न हलणारी.

ती म्हणाली, "काहीच नही बोलले. तोंडच उघडलं नाही मी त्याच्यासमोर. वर्षभर."

"वर्षभर?"

"रविवारी जायची. तुझे वडील न्यायचे म्हणून. सगळे गायचे आन् मी ओठ मिटून बसायची. मनात म्हटलं, तू कुणाचाच नाही. मी तर सोडूनच दिलं होतं त्याला."

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. माझी आई, जिच्या भाबड्या विश्वासावर मी प्रकरण लिहायला निघाले होते, तिने वर्षभर देवाला सोडलं होतं. मी विचारलं, "मग परत कशी धरलीस?"

"मी कुठं धरलं?" ती म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "त्यानं सोडलं नव्हतं ना. एक दिवस कांदा निवडता निवडता कळलं, मी वर्षभर रुसली, आन् हा इथंच बसलाय. मग काय करणार? रडले तिथंच खळ्यावर. बाया म्हणे, कांद्यानं रडते का, इतक्या वर्षांनी?"

ती हसली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

मी उठून गॅलरीत गेले आणि सरांना फोन लावला. आईने सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगितलं. माझं काही मिसळलं नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"सर?"

"वर्षभर म्हणाली?"

"हो."

"आणि तो तिथेच होता म्हणाली."

"हो, सर."

यावर सर काही बोलतील, शब्दाचं काहीतरी सांगतील, अशी मी वाट पाहत होते. ते म्हणाले, "माझी आठ वर्षं झाली."

मी गॅलरीच्या गजाला धरून उभी होते. इतकी वर्षं त्यांच्याकडून उत्तरं घेतली, पण त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. माझ्याजवळ त्यांना द्यायला एकही मुद्दा नव्हता, आणि मला त्याची भीती वाटत नव्हती.

"आईला घेऊन येऊ का?" मी विचारलं.

"आज?"

"आत्ता. मेथी निवडून झाली की."

"या," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण मला बोलता येईलच असं नाही, हं. तिला आधीच सांगून ठेव."

"चालेल, सर," मी म्हणाले, आणि आईला चपला घालायला सांगायला आत गेले.